नम्र पाप



‘अ रेझिन इन द सन’ हा १९६१ सालचा अमेरिकन चित्रपट. शिकागोत एका कोंदट घरात राहणारे कृष्णवर्णीय कुटुंब. दिवंगत वडिलांच्या विम्याचे १०,००० डॉलर येतात. आई त्यातून गोऱ्यांच्या वस्तीत घर ठरवते. उरलेली रक्कम मुलगा वॉल्टर फसवणुकीत गमावतो. वस्तीचा प्रतिनिधी अगदी नम्रपणे सुचवतो, ‘तुम्ही येऊ नका, आम्ही जास्त पैसे देतो.’ वॉल्टर कबूल होणार, तोच शेजारी उभ्या असलेल्या आपल्या लहानग्याकडे पाहून तो नकार देतो.

ही केवळ कल्पना नव्हे. लेखिका लॉरेन हॅन्सबेरी यांच्या वडिलांना अशाच घरासाठी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. १९४० साली निकाल त्यांच्या बाजूने लागला.

पाप नेहमी आरडाओरडा करीत येत नाही. कधी ते गोड बोलून दार वाजवते. माणूस देवाचे प्रतिरूप आहे, म्हणून त्याच्या प्रतिष्ठेला किंमत लावता येत नाही. बेथलेहेमात पवित्र कुटुंबालाही जागा नाकारली गेली होती. आपल्या शेजारी कोणी घर मागायला आले, तर आपण काय उत्तर देऊ? या आठवड्यात प्रार्थनेत हा प्रश्न स्वतःला विचारू या.

आपला,
प्रमुख धर्मगुरू