शेजारची जागा

स्टँडवर गाडी लागली की दाराशी झुंबड उडते आणि खिडक्यांतून रुमाल आत पडू लागतात. रुमाल, टोपी, वर्तमानपत्र, पिशवी, कधी कधी पायातली चप्पलसुद्धा, ही आमची जागा धरायची साधने. रुमाल टाकणारा अजून गाडीबाहेर असतो आणि धक्के खात दारातून आत शिरलेला माणूस त्या रुमालासमोर उभा असतो. जागा कोणाची? तिकीट तर दोघांनीही काढलेले नाही. कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात रुमालाला मान्यता नाही. तरीही बहुतेक वेळा आत शिरलेला माणूस दोन शब्द पुटपुटतो आणि पुढच्या बाकाकडे सरकतो. उद्या आपलाही रुमाल कुठल्या तरी बाकावर पडलेला असणार, हे त्याला ठाऊक असते. नीतिशास्त्राचे एकही पान न वाचलेल्या माणसांनी आपापसांत केलेला हा करार आहे आणि तो अजून टिकून आहे.

आमची वडीलधारी माणसे दुनियेला मुसाफिरखाना म्हणत. हे वाक्य आम्ही मयतीच्या वेळी हमखास उच्चारतो. खिडकीजवळच्या जागेसाठी भांडताना ते कोणाला आठवत नाही. खरे तर ते तिथेच जास्त लागू पडते. एसटीतली जागा उतरेपर्यंतच आपली. तिची मालकी सांगता येत नाही, ती वारसाला देता येत नाही. मग अशा तात्पुरत्या जागेवरचा आपला हक्क किती, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा किती?

या बाबतीत आपल्याकडे बारकाईने विचार झालेला आहे. बसलेल्याला उठवून स्वतः त्याच्या जागी बसू नये, असे एका हदीसमध्ये सांगितले आहे आणि तिथेच पुढे, येणाऱ्यासाठी जागा करून द्यावी, असेही सांगितले आहे. दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत. सूरह निसामध्ये ज्यांच्याशी भलेपणाने वागायचे अशांची नावे येतात. त्यांत आईवडील, नातलग, अनाथ, गरीब आणि शेजारी यांच्यासोबत ‘बाजूचा सोबती’ही आहे. पुष्कळ भाष्यकारांनी त्याचा अर्थ प्रवासातला सोबती असाही घेतला आहे. म्हणजे दोन तासांच्या शेजाऱ्यालाही शेजाऱ्याचा हक्क आहे. त्याचे नाव, गाव, मजहब विचारायची अट त्यात नाही.

मात्र शेजारी बसण्याचा हा हक्क या मुलखात सर्वांना होता असे नाही. १९०१ साली लहानगा भीमराव आपला भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाला. मसूर स्टेशनवर ही मुले उतरली. ती महारांची आहेत हे कळताच एकही बैलगाडीवाला त्यांना घ्यायला तयार होईना. दुप्पट भाडे देऊ केले तरी कोणी गाडीत त्यांच्याबरोबर बसेना. शेवटी तोड निघाली ती अशी: भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने पायी चालायचे. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये हा प्रसंग लिहून ठेवला आहे. गाडी होती, बैल होते, पैसे होते. अडले होते ते फक्त शेजारी बसण्यावाचून.

१ जून १९४८ रोजी पुणे आणि तेव्हाचे अहमदनगर यांच्यामध्ये पहिली एसटी धावली. पुढे ‘रस्ता तेथे एसटी’ झाली. एसटीने जातिभेद मोडला असे म्हणणे भोळेपणाचे होईल. पण तिच्या तिकिटावर पैसे असतात, टप्पा असतो, जात नसते. ज्यांचे पाणवठे वेगळे होते त्यांना तीन माणसांच्या एका बाकावर मांडीला मांडी लावून बसावे लागले. ही गोष्ट लहान नव्हे.

आमच्या वाट्यालाही या बाकाचा एक वेगळा अनुभव आलेला आहे. कुठे तरी दंगल होते, कुठे स्फोट होतो, टीव्हीवर चार दिवस तेच चालते आणि मग दाढीटोपीच्या माणसाच्या किंवा बुरख्यातल्या बाईच्या शेजारची जागा रिकामी राहते. चढणारा माणूस बाकाकडे बघतो, बसलेल्याकडे बघतो आणि पुढे जाऊन दांड्याला धरून उभा राहतो. कोणी काही बोलत नाही. तक्रार तरी कशाची करणार? कोणी कुठे बसावे याची सक्ती थोडीच आहे! पण त्या रिकाम्या जागेचे वजन शेजारी बसलेल्यालाच कळते.

मग बाजाराचा दिवस येतो. गाडीत मुंगीला शिरायला वाव नसतो. कोंबड्यांच्या पाट्या, ऊस, भाजीची गाठोडी आत येतात आणि त्या गर्दीत एखादी बाई आपले रडके पोर सरळ त्याच दाढीवाल्याच्या मांडीवर ठेवून देते. ‘धरा हो दादा जरा.’ पोर थोड्या वेळाने दाढी ओढू लागते. चार दिवसांपूर्वी रिकामी राहिलेली जागा ती हीच. आता या दोन प्रसंगांतला खरा कोणता? गर्दीतली माणुसकी ही नाइलाजाची माणुसकी, तिला काय महत्त्व द्यायचे, असे कोणी म्हणेल. आम्हाला ते पटत नाही. पोर ठेवायला त्या बाईला आणखी दहा मांड्या होत्या. जागा मोकळी असते तेव्हा माणूस आपल्या ऐकीव भीतीला विचारून बसतो. गर्दीत तेवढी सवड नसते, तेव्हा तो समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघतो. बरेचदा तेवढे पुरते.

पण गर्दीचे एवढे कौतुक करून थांबता येत नाही. जीपची गर्दी ही वेगळी गोष्ट आहे. पश्चिम महाराष्ट्रात तिला वडाप म्हणतात, विदर्भ-मराठवाड्यात काळी-पिवळी. परवान्यावर जो आकडा असेल त्याच्या दुप्पट माणसे बसल्याशिवाय ती स्टँड सोडत नाही. त्याला कारण आहे. गाडीचा हप्ता आणि डिझेल परवान्यातल्या आकड्यात भागत नाही. पुढच्या बाकावर ड्रायव्हरसह पाच जण, गिअरची दांडी कोणाच्या तरी गुडघ्यांमध्ये, ड्रायव्हर स्वतः अर्धा दाराबाहेर. मागे पायरीवर पोरे लोंबकळलेली. दिवेलागणीच्या वेळी फाट्यावर एक म्हातारी हात करते. ड्रायव्हर ब्रेक मारतो. आतून कोणी तरी म्हणते, ‘घ्या हो, आजीला घ्या, सरका जरा.’ सगळे श्वास आत ओढून सरकतात.

हा चांगुलपणाच आहे. पण वजन वाढले की गाडी थांबायला लांब अंतर लागते. टपावर ओझे चढले की वळणावर ती उलटायला वेळ लागत नाही. ‘घ्या’ म्हणणारा एक, धोका मात्र सगळ्यांना सारखा वाटला जातो, आईच्या कुशीत झोपलेल्या पोरालाही. त्याला कोणी विचारले? आणि नाही घेतले, तर अंधारात फाट्यावर म्हातारी एकटी. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. यांतली किती अशा जीपमधली होती हे आपल्याला वेगळे मोजता येणार नाही. पण वडापने जाणाऱ्या प्रत्येक गावाला आपापली गेलेली माणसे ठाऊक आहेत.

गॅरेट हार्डिन नावाच्या एका अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७४ साली जवळजवळ हाच प्रश्न जगापुढे मांडला होता. समजा, समुद्रात एक होडी आहे. तिच्यात पन्नास माणसे आहेत, आणखी दहा मावतील आणि शंभर जण पाण्यात हात मारीत आहेत. काय करायचे? श्रीमंत देश ही होडी आणि गरीब देश पाण्यात, असा त्याचा अर्थ होता. त्याचे उत्तर होते, कोणालाही घेऊ नका. आमच्या वडापला हा हिशोब लावून पाहिला की त्यातली उणीव लगेच दिसते. त्याच्या होडीतली माणसे कायमची होडीत आणि पाण्यातली कायमची पाण्यात. आमच्याकडे तसे नाही. आज आत बसलेला उद्या त्याच फाट्यावर हात करून उभा असतो. म्हणून तो म्हातारीला ‘नाही’ म्हणू शकत नाही. रुमालाचा करार इथेही चालतो, फक्त इथे त्याची किंमत जिवाने द्यावी लागते.

आणि दुसरे असे की होडी एवढीच का, हे हार्डिनसाहेबांनी विचारले नाही. घेतले तरी वाईट, सोडले तरी वाईट, असा पेच गरिबांपुढे आला की समजावे, तो ज्यांनी निर्माण केला ती माणसे त्या गाडीत नाहीत. आमच्या लहानपणी एसटीच्या खिडक्यांवर पाट्या असत: महिला, अपंग, स्वातंत्र्यसैनिक, आमदार. स्वातंत्र्यसैनिक आम्ही त्या जागांवर बसलेले पाहिले, आमदार पाहायचे राहूनच गेले. ज्याच्या हातात दुसरी गाडी सोडायचे असते तो रांगेत नसतो. गावातल्या ज्याला जमते तोही कर्ज काढून मोटारसायकल घेतो आणि रांग सोडतो. वर सांगितलेल्या मृतांत ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. रांग सोडलेले सगळेच सुखरूप पोचतात असे नाही.

ऑक्टोबर २०२१ अखेर सुरू झालेला एसटी कामगारांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. कामगारांचे म्हणणे चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. अपुऱ्या आणि उशिरा मिळणाऱ्या पगारावर घर चालवणाऱ्याला रस्त्यावर यावे लागते. पण त्या काळात वडापचे भाडे मागेल तेवढे झाले आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलींच्या घरात ‘आता पुरे झाले शिकणे’ हे वाक्य पुन्हा ऐकू येऊ लागले. आमच्या मोहल्ल्यांत हे वाक्य फार दबा धरून बसलेले असते, त्याला निमित्त लागते. बस बंद पडणे हे फार चांगले निमित्त आहे. मुलगी शिकावी की नाही यावर आपण सभा घेतो, ठराव करतो. संध्याकाळची परतीची गाडी किती वाजता आहे, हे त्या सभेत कोणी विचारीत नाही.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले. त्याआधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला. सवलत वडापमध्ये चालत नाही. म्हणून फाट्यावर आता वेगळेच दृश्य दिसते. वडाप येऊन थांबतात, ड्रायव्हर ओरडतो, बायका मान हलवतात. जीप निघून जाते. दुसरी येते, तीही जाते. बायका ओट्यावर बसून राहतात, भाजी निवडतात, एकमेकींच्या सुनांची चौकशी करतात. नूरजहाँ आणि लक्ष्मी एकाच पिशवीला टेकून बसलेल्या असतात. गाडी साडेपाचची. सहा वाजत आले, तरी त्या वळणाकडेच बघत असतात.