प्रलयाचा पक्षपात

जग संपले आहे, पृथ्वी हिमाने आच्छादून गेली आहे, आणि कोठल्याशा निर्जन अरण्यात, एका बंदिस्त निवाऱ्यात, मूठभर माणसे उरलेल्या सरपणाची मोजदाद करीत बाहेरच्या अंधारातून येणाऱ्या आवाजाकडे कान लावून बसली आहेत, अशा धर्तीच्या भयकथा हल्ली जगभर मोठ्या आवडीने वाचल्या जातात. आणि ज्यांच्या सात पिढ्यांनी अंगणात गारांखेरीज दुसरे बर्फ पाहिलेले नाही, असे आमचे मराठी वाचकही त्यांत मागे नाहीत. आमच्या जयंत नारळीकरांनी तर ‘हिमप्रलय’ या कथेत खुद्द मुंबईवर बर्फ पाडून दाखविले. ती विज्ञानकथा आहे, भयकथा नव्हे, हा भाग वेगळा. उष्ण देशातील माणसाला ही हिमाची भीती इतकी गोड का वाटावी, याचा विचार करू लागले म्हणजे प्रथम असे वाटते की परक्या संकटाची भीती ही नेहमीच थोडीशी करमणूक असते. परंतु एवढ्यावर थांबून भागत नाही, कारण या कथेचा वंश फार जुना आहे आणि त्याचा एक धागा आमच्याच घरात येऊन पोहोचलेला आहे.

लोकमान्य टिळकांनी १९०३ साली आर्यांच्या उत्तरध्रुवीय मूलस्थानाविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी ज्या आधारांवर विशेष भर दिला त्यांत अवेस्तातील वेंदिदाद ग्रंथाचा दुसरा अध्याय होता. त्या अध्यायात अहुरमज्द हा विवंघताचा पुत्र यिम याला, म्हणजे आमच्या वैवस्वत यमाच्या त्या इराणी भावाला, सावध करतो की आता घोर हिवाळा येणार आहे, पर्वतशिखरांवर आणि दऱ्याखोऱ्यांत हिमाचे थर साचणार आहेत. तेव्हा तू एक तटबंदीचा वाडा, ज्याला तेथे ‘वर’ म्हटले आहे, बांध आणि त्यात उत्तमोत्तम माणसांचे, गुराढोरांचे, वृक्षांचे आणि अन्नाचे बीज नेऊन ठेव. त्या वराच्या आत सूर्यचंद्र वर्षातून एकदाच उगवतात आणि वर्ष एका दिवसासारखे भासते, या वर्णनात टिळकांना ध्रुवप्रदेशाची खूण सापडली. ती खूण खरी की खोटी, हा पुरातत्त्ववेत्त्यांचा प्रांत आहे, आणि त्यांनी बहुतांशी टिळकांच्या विरुद्ध निकाल दिलेला आहे. मला त्या अध्यायातील दुसरीच एक गोष्ट बोचते. वरात कोणाला घ्यावयाचे याबरोबरच कोणाला घ्यावयाचे नाही याचीही तेथे यादी आहे: कुबडे, वेडे, कुष्ठरोगी आणि असेच व्यंग असलेले दुसरे कितीतरी. दार लागल्यानंतर बाहेर राहिलेल्यांचे काय झाले, याविषयी तो ग्रंथ एक अक्षर बोलत नाही.

हिमप्रलयाच्या आधुनिक कथांतही हेच मौन पाळलेले असते. सर्व जग बुडाले, एवढे एक वाक्य लिहिले की लेखक मोकळा होतो. मग जे वाचले ते केवळ वाचले म्हणूनच नायक ठरतात, आणि ‘मीच का वाचलो, तो का गेला’ हा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण तो विचारण्यास ज्याला खरा अधिकार होता तो बर्फाखाली आहे. सर्वनाश, मग तो कितीही भयंकर असो, न्यायाच्या दृष्टीने सोपा असतो. जेथे सगळेच जातात तेथे कोणावर अन्याय झाला असे म्हणता येत नाही. कोर्टाच्या भाषेत बोलायचे तर दावा लावायला वादीच शिल्लक राहत नाही. जो प्रलय निम्मे गाव नेतो आणि निम्मे ठेवतो, एका खोलीतील चार माणसांपैकी तीन नेतो आणि चौथे ठेवतो, त्याच्यापुढे मात्र धर्मशास्त्राची आणि तत्त्वज्ञानाची खरी कसोटी लागते. अशा प्रलयासाठी मराठी माणसाला ध्रुवप्रदेशात जाण्याची गरज नाही. धाराशिव जिल्ह्यातील सास्तूरपर्यंत गेले तरी पुरे.

सास्तूर हे आज लोहारा तालुक्यात मोडणारे गाव. लातूर जिल्ह्यातील किल्लारी तेथून काही कोसांवर. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी, आदल्या दिवशीच्या अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून दमलेली माणसे गाढ झोपेत असताना, या टापूत ६.२ परिमाणाचा भूकंप झाला आणि काही सेकंदांत सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी, किल्लारी अशी गावेच्या गावे मातीत गेली. सरकारी हिशेबाने मृतांचा आकडा आठ हजारांच्या घरात जातो. त्याहून मोठे आकडेही सांगितले जातात. दख्खनचे पठार म्हणजे अचल पाषाण, असा शास्त्रज्ञांचाही समज होता, आणि भूकंपाच्या नकाशावर हा प्रदेश सर्वांत निर्धोक पट्ट्यात दाखविलेला होता. आदल्या वर्षी किल्लारीला धक्के बसत होते, लोक भयभीत झाले होते, ही गोष्ट मागाहून पुष्कळांना आठवली.

हिमकथेत आत जीव असतो आणि बाहेर मृत्यू असतो. सास्तुरात याच्या नेमके उलट झाले, आणि ते समजण्यासाठी मराठवाड्यातील जुने माळवदाचे घर कसे असते ते जरा जवळून पाहिले पाहिजे. दोन-अडीच हात रुंदीच्या दगडी भिंती. दर्शनी बाजूस घडीव दगड, आत गोटे आणि मातीचा गारा. सागवानी खांबांवर तुळया, तुळयांवर किलचा किंवा फळ्या, त्यांच्यावर पाला, आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उजेडासाठी माथ्यावर एक सवणे, भिंतीत कोनाडे, आणि ज्वारी साठविण्यासाठी बळद. उन्हाळ्याची काहिली आत येत नाही, थंडी येत नाही, आणि निजामी अमलातील अंदाधुंदीच्या दिवसांत चोर-दरोडेखोरही सहजासहजी येत नसत. पावसाळ्यापूर्वी गळती लागू नये म्हणून माळवदावर नवी माती टाकावयाची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. त्यामुळे आज्याने बांधलेले छत नातवाच्या काळी कितीतरी जड झालेले असे. यिमाला सांगितलेला वर याहून फारसा निराळा नसावा. आणि या वरानेच माणसे मारली. ज्याचे घर भक्कम आणि वडिलोपार्जित, त्याच्या डोक्यावर माती अधिक. कुडाच्या झोपडीत किंवा पत्र्याखाली निजलेला गरीब, शेतावर राखणीला गेलेला गडी, अंगणात बाज टाकून पडलेला म्हातारा, यांना वाचण्याची संधी अधिक. पुढे कित्येक महिने, घरे शाबूत असलेल्या दूरच्या गावांतील माणसेही छपराखाली निजायला धजत नव्हती.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दहाव्या दशकात पाच प्रलयांचे निरूपण केले आहे: दोन पिंडाचे, दोन ब्रह्मांडाचे आणि पाचवा विवेकाचा. पिंडाच्या दोहोंपैकी एक निद्रा आणि दुसरा मृत्यू. रोजच्या झोपेला प्रलय म्हणणे प्रथमदर्शनी अतिशयोक्तीचे वाटते; परंतु सास्तूरच्या त्या पहाटेचा विचार केला, जेव्हा माणसे एका प्रलयातून जागी न होताच दुसऱ्यात गेली, म्हणजे समर्थांच्या वर्गीकरणातील काटेकोरपणा ध्यानी येतो. त्यात आणखी एक गोष्ट अभिप्रेत आहे. प्रलय हा ज्याचा त्याला होतो. सास्तुरात ज्याची बायकामुले गेली त्याचे ब्रह्मांड बुडाले, आणि तरीही सूर्य नेहमीच्या वेळी उगवला, उमरग्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्या चालू राहिल्या, दावणीला बांधलेले जनावर वैरणीसाठी हंबरत राहिले. जग न संपता आपले जग संपणे, यातील भय हिमकथेच्या लेखकाला साधत नाही, कारण त्याने प्रथमच साऱ्यांचे जग संपवून टाकलेले असते.

मग ‘मीच का’ या प्रश्नाला आपल्याकडचे ठरीव उत्तर येते: कर्म. हे उत्तर स्वतःपुरते दिले तर त्यात धीर आहे. दुसऱ्याच्या प्रेतापाशी उभे राहून दिले तर त्यात क्रौर्य आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा महात्मा गांधींनी त्याला अस्पृश्यतेच्या पापाचे ईश्वरी प्रायश्चित्त म्हटले, आणि रवींद्रनाथांनी त्याचा जाहीर निषेध केला. गांधींनी तो आपल्याच ‘हरिजन’ पत्रात उत्तरासह छापला, हे त्यांच्या थोरपणास शोभणारेच होते. रवींद्रनाथांचा मुद्दा असा की निसर्गातील घडामोडींना नीतीच्या वजनाने मोजू लागलो तर त्याच न्यायाने सनातनी मंडळीही भूकंपाचे खापर गांधींच्याच चळवळीवर फोडू शकतील. माझा कौल या वादात रवींद्रनाथांच्या बाजूने आहे. गांधींनी पापी लोकांत स्वतःची गणना केली होती, म्हणून त्यांच्या शब्दांतील दंश कमी होतो, पण युक्तिवाद सुधारत नाही. सास्तूरच्या बाबतीत तर तो हास्यास्पदच होईल, कारण तेथे पापाचे माप माळवदावरील मातीच्या जाडीइतके निघेल.

व्यासांना हा पेच ठाऊक होता, असे मला महाभारताचा शेवट वाचताना वाटत आले आहे. महाप्रस्थानात हिमालयाच्या पलीकडे चालत गेलेली ती सहा माणसे आणि एक कुत्रा, हीच आमच्या वाङ्मयातील हिमारण्यातील उरलेल्यांची कथा. एकेक जण पडत जातो; भीम विचारतो, ही का पडली, हा का पडला; आणि युधिष्ठिर मागे वळून न पाहता कारणे सांगतो. द्रौपदीचे अर्जुनावर अधिक प्रेम, सहदेवाला बुद्धीचा गर्व, नकुलाला रूपाचा, अर्जुनाच्या वल्गना, आणि शेवटी प्रश्न विचारणाऱ्या भीमाचेच खादाडपण. उरलेल्याने पडलेल्यांचे दोष काढीत पुढे जावे, यापेक्षा थंड काहीही त्या हिमात नसेल. परंतु व्यास तेथे थांबत नाहीत. स्वर्गात पोहोचलेल्या युधिष्ठिराला समोर दुर्योधन सिंहासनावर दिसतो आणि भाऊ व द्रौपदी नरकात आक्रोश करताना आढळतात. त्या क्षणी त्याची सारी कारणे त्याच्यावरच उलटतात, तो देवांची आणि प्रत्यक्ष धर्माचीही निंदा करतो, आणि आपण येथेच, या दुर्गंधीत, आपल्या माणसांजवळ राहणार असे दूतास बजावतो. ती सारी माया होती, असे पुढे इंद्र सांगतो खरा. पण निंदा करून झालेली असते, आणि व्यासांनी ती खोडलेली नाही.

सास्तूरच्या बाजूला उरलेल्यांच्या वाट्याला हिमारण्यातील एकांत आलाच नाही. आली ती गर्दी: लष्कराचे जवान, सेवाभावी संस्था, वार्ताहर, पुढारी आणि निव्वळ बघे; पोलिसांना रस्त्यांवर बंदोबस्त लावावा लागला. त्यात पाऊस सुरू झाला, ओली लाकडे पेटेनात, एकेका चितेवर अनेक देह ठेवावे लागले. मागोमाग दप्तर आले. पंचनामे, मृतांच्या याद्या, सानुग्रह अनुदान, वारसांच्या नोंदी. कोण आधी मेला, बाप की मुलगा, हा प्रश्न अंत्यविधीच्या वेळी निरर्थक असतो; सातबाऱ्यावर वारस लावताना तो जमिनीएवढा मोठा होतो. जागतिक बँकेच्या साह्याने राबविलेल्या पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली, सरळ रस्त्यांची आणि एकसारख्या घरांची. आणि शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले.

त्या वर्षी भूकंपाच्या दिवशी भाद्रपदी पौर्णिमा होती, आणि लगोलग पितृपक्ष लागला. पंधरवडाभर प्रत्येक कुळाने आपापल्या मृतांना पाणी द्यावयाचे. पण ज्या घरात पाणी देणाराच उरला नाही त्या घराचे काय? तर्पणाच्या विधीत, ज्यांना कोणी आप्त उरलेला नाही अशांनाही उद्देशून पाणी सोडण्याची तरतूद आहे. ती तरतूद ज्याने केली त्याला सबंध कुळे नाहीशी होतात ही गोष्ट अनुभवाने ठाऊक असली पाहिजे, कारण केवळ कल्पनेने इतके बारीक कलम सुचत नाही. ती कुळे का गेली, याविषयी मात्र त्याने तेथे एक शब्दही घातलेला नाही, आणि मला तो वेंदिदादाच्या यादीपेक्षा, किंबहुना युधिष्ठिराच्या कारणांपेक्षाही, अधिक प्रामाणिक वाटतो.

याद्या आणि तर्पणे आटोपल्यावरही एक गोष्ट उरली, आणि तिच्यापुढे माझी मती खरोखर कुंठित होते. त्या टापूतील अनेक स्त्रियांनी दोन-तीन मुलांनंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतलेली होती, आणि एका पहाटेत ती सारी मुले गेली. त्या स्त्रियांपैकी काहींवर पुन्हा शस्त्रक्रिया करून बंद केलेली वाट उघडण्यात आली, आणि काहींना पुन्हा मुले झाली. ती मुले आज तिशीच्या आगेमागे असतील. मोठी भावंडे त्या पहाटे वाचली असती तर यांच्या जन्माचे कारणच उद्भवले नसते. भूकंप झाला नसता तर बरे झाले असते, हे वाक्य आई निःशंकपणे बोलू शकते. तिच्या या दुसऱ्या मुलाने ते उच्चारले की त्यात त्याचा स्वतःचा निषेध येतो, आणि न उच्चारले तर मेलेल्या भावंडांविषयी तो गप्प राहिला असे होते. जन्मकर्माच्या आमच्या शास्त्रात पूर्वजन्मीच्या ऋणांची चर्चा विपुल आहे. भावाच्या मृत्यूमुळे ज्याला देह मिळाला, त्याने ते ऋण कोणाचे म्हणून मांडावे, याची चर्चा मला तेथे कोठे आढळलेली नाही.