लाकडी भिंती आणि आतली भूक

एखादी गोष्ट थोडीशीच चांगली असेल, तर तिला चांगली म्हणावे काय? आणि त्या थोड्याशा चांगल्याच्या आधाराने कोणी मोठ्या गोष्टीकडे डोळेझाक करू लागला, तर दोष कोणाचा? त्या चांगल्या गोष्टीचा, की डोळे झाकणाऱ्याचा? प्रश्न जुनाच आहे. हल्ली तो एका अगदी नव्या वस्तूच्या निमित्ताने पुढे आला आहे, म्हणून वाचकांसमोर त्याचा विचार मांडावा असे आम्हांला वाटते.

आपण मोबाइलवरून पाठवतो ती छायाचित्रे, बँकेतील आपले हिशेब, रेल्वेची तिकिटे, ही सारी माहिती काही हवेत तरंगत नसते. मोठमोठ्या इमारतींत रांगेने मांडलेल्या संगणकांत ती साठवलेली असते. ह्या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. मुंबई, पुणे, हैदराबाद येथे त्या आहेत. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या उत्तर भागात तर त्यांची दाटी झाली आहे. तेथील यंत्रे रात्रंदिवस चालतात, तापतात, आणि त्यांना थंड ठेवण्यासही वीज लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेचा हा सुमारे दीड टक्का झाला. २०३० साली हा आकडा ९४५ अब्ज युनिटांच्या आसपास जाईल, असे त्याच संस्थेचे भाकीत आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने जाहीर केले की, उत्तर व्हर्जिनियातील आपल्या दोन नव्या डेटा सेंटरांच्या बांधकामात ती पोलाद व काँक्रीट यांच्या जोडीला लाकूड वापरणार आहे. हे लाकूड साध्या वाशांचे नव्हे. फळ्यांचे थर, एक उभा तर दुसरा आडवा, असे एकमेकांस चिकटवून त्याच्या जाड, मजबूत लाद्या करतात. ह्यामुळे बांधकामातून होणारे कार्बनचे उत्सर्जन नेहमीच्या पोलादी बांधकामापेक्षा ३५ टक्क्यांनी आणि साच्यातील तयार काँक्रीटच्या बांधकामापेक्षा ६५ टक्क्यांनी कमी होईल, असा कंपनीचा अंदाज आहे.

ह्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. सिमेंट करताना चुनखडी भाजावी लागते, आणि भट्टीच्या इंधनाखेरीज त्या चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. पोलादासाठी कोळसा जळतो. झाड मात्र वाढताना तोच वायू हवेतून घेते आणि लाकडात धरून ठेवते. तेव्हा जेथे पोलादाऐवजी लाकूड चालते, तेथे ते वापरणे शहाणपणाचेच. ‘रोग म्हशीला आणि औषध पखालीला’ असे म्हणून हा प्रयत्न उडवून लावणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही.

मात्र टक्केवारी ऐकली की एक प्रश्न लगेच विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. टक्के कशाचे? वरील ३५ टक्के हे बांधकामाच्या उत्सर्जनाचे आहेत. इमारतीत पुढे कित्येक वर्षे जी वीज जळणार, तिचा त्यांत समावेश नाही.

येथे थोडा हिशेब करू. समजा, एका डेटा सेंटरच्या बांधकामात १०,००० घनमीटर लाकूड वापरले. एका घनमीटर सूचिपर्णी लाकडात सुमारे ८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन असतो. म्हणजे एकूण ८,००० टन. आता त्या केंद्राची भूक १०० मेगावॉट धरू. ते पूर्ण भाराने चालले, तर एका दिवसात २४ लाख युनिट वीज खाते. ती वीज नैसर्गिक वायूवर निर्माण झाली असेल, तर दर युनिटामागे सुमारे ४०० ग्रॅम ह्या मानाने रोज ९६० टन वायू हवेत जातो. म्हणजे झाडांनी कित्येक वर्षे सोसून जे साठवले, ते नवव्या दिवशी संपले! आणि इमारत उभी राहणार दहावीस वर्षे. व्हर्जिनियातील अर्ध्याहून अधिक वीज २०२३ साली नैसर्गिक वायूपासूनच होत होती, हेही ध्यानात असावे.

ह्यावर कोणी म्हणेल, ‘कंपनी वापरते तितकी स्वच्छ वीज खरेदी करण्याचे करारही करते.’ खरे आहे, आणि ते करार नुसते देखाव्याचे आहेत असे नाही. परंतु सूर्य मावळल्यावर आणि वारा पडल्यावरही यंत्रे चालूच असतात. त्या वेळी जी भट्टी पेटलेली असेल तिचीच वीज तारेतून येते. करारामुळे वीज वहीत स्वच्छ लिहिली गेली, की त्याच वहीत बांधकामाचा खर्च मोठा दिसू लागतो, आणि मग लाकडाची बचतही मोठी दिसते. वही खोटी नसते. पण वहीच्या बाहेर पडणारा धूर वहीला दिसत नाही.

लाकडाचाही स्वतःचा हिशेब असतो. तोडलेल्या झाडाची मुळे व फांद्या मागे राहून कुजतात किंवा जळतात. गिरणीत भुसा व तुकडे पडतात. ओंडक्याचा काही भागच भिंतीपर्यंत पोहोचतो. नवे झाड तेवढे होण्यास अनेक दशके जातात. पुढील दशकांत जगातील लाकूडतोडीमुळे दरवर्षी ३५० ते ४२० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल, असा अंदाज २०२३ साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला होता. वन कोणते, तोड कशी आणि पुन्हा लावले काय, ह्या प्रश्नांच्या उत्तरावर लाकडाचे पुण्य अवलंबून आहे.

पण सर्वांत मोठी अडचण लाकडाची नाही, संख्येची आहे. एका इमारतीमागे १०० भाग उत्सर्जन होत होते, ते ६५ झाले. उत्तम! परंतु एकीच्या जागी दोन इमारती उठल्या, तर ६५ आणि ६५ मिळून १३० होतात. प्रत्येक इमारत पहिल्यापेक्षा चांगली, आणि एकूण परिणाम पहिल्यापेक्षा वाईट! हे केवळ कल्पनेतले नाही. २०३० पर्यंत आपण हवेत सोडतो त्याहून अधिक कार्बन काढून घेऊ, असा निश्चय मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केला होता. २०२४ च्या तिच्याच अहवालाप्रमाणे तिचे उत्सर्जन २०२० च्या तुलनेत सुमारे २९ टक्क्यांनी वाढले होते, आणि त्या वाढीचे एक मोठे कारण नव्या डेटा सेंटरांचे बांधकाम हे होते. हा आकडा कंपनीने लपवला नाही, ही गोष्ट तिच्या श्रेयाची आहे.

पुदिना, शेप व जिरे यांचा दशमांश काटेकोरपणे देऊन न्याय व दया विसरणाऱ्यांना प्रभूने काय सांगितले, ते संडे स्कूलच्या मुलांनाही ठाऊक आहे. त्याने जिऱ्याचा दशमांश व्यर्थ ठरवला नाही. तो द्यावाच, पण मोठे ते सोडू नये, असा त्या बोधाचा रोख आहे. लाकडी भिंत हा जिऱ्याचा दशमांश आहे. तो अवश्य द्यावा. मात्र तो देऊन मन स्वस्थ झाले, की तोच दशमांश फसवू लागतो. मोठी बाब कोणती? किती इमारती खरोखर हव्यात, त्यांत साठवतो त्यातले किती कामाचे, आणि त्यांची वीज कोठून येते, हे विचारणे.

हे प्रश्न दूरच्या कंपनीलाच लागू नाहीत. हैदराबादेत किंवा मुंबईत अशी इमारत उठते तेव्हा तिची वीज बहुतांशी कोळशावरच्या विजेनेच भरलेल्या तारांतून येते, आणि तिच्यातील जागा आपणही व्यापतो. एका छायाचित्राने काही बिघडत नाही, हे खरे; पण ‘एकाने काय होते’ हेच वाक्य प्रत्येक इमारत बांधणाराही म्हणत असतो.

म्हणून संडे स्कूलच्या शिक्षकांना आमची एक सूचना आहे. वरचे त्रैराशिक मोठ्या मुलांना फळ्यावर सोडवायला द्यावे. नऊ दिवसांचे उत्तर त्यांनी स्वतः काढले, म्हणजे पुढे कोणी ‘इतके टक्के कमी’ असे म्हणताच ती आपण होऊन विचारतील: कशाचे टक्के, आणि एकूण किती?