तुमी इचारलंच नाही

मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा जवळ आली की लोह्याच्या चौकात आभाळ कमी आणि फलक जास्त दिसू लागतात. यात्रेला घोडे येतात, उंट येतात, गाढवं येतात, आपले लाल कंधारी वळू तर येतातच. त्यांच्या आधी फलकांवरची माणसं येऊन उभी असतात. हात जोडलेले, गॉगल लावलेले, खाली पंचवीस समर्थकांचे पासपोर्टएवढे चेहरे आणि नावाच्या आधी एक शब्द: भावी. भावी नगराध्यक्ष, भावी सभापती, भावी आमदार. या शब्दाची शपथ घ्यावी लागत नाही आणि मुदतही संपत नाही, त्यामुळे तो मराठीतला सध्याचा सगळ्यात सोयीचा हुद्दा आहे.

असाच एक 'भावी' गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे एक वही घेऊन आला. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरातली रोजनिशी तिच्यात होती. "सर, छापायचं असेल तर छापा, नाव मात्र घालू नका," एवढीच अट. नाव घालत नाही, गावही सांगत नाही.

सेवा योजना 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास काम आणि दत्तक गावात एक निवासी शिबिर, असा तिचा साधा हिशोब. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री गाणी आणि नकला. बरीच मुलं प्रमाणपत्रासाठी जातात आणि त्यात वाईट काही नाही. हा मुलगा गटप्रमुख म्हणून गेला होता. गटप्रमुख का? तर तो वर्गप्रतिनिधी होता म्हणून. वर्गप्रतिनिधी का? तर परीक्षेत वर्गात पहिला आला होता म्हणून. दोन्ही वेळा त्याला कुणाकडे काही मागावं लागलं नव्हतं. वहीच्या पहिल्या पानावर त्याने मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'मला चांगला नेता व्हायचं आहे.' त्याखाली दोन रेघा.

त्यांच्याकडे काम होतं शोषखड्ड्यांचं. आपल्या जिल्ह्याला या कामाचा अभिमान आहे. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे घेतले, गावातली उघडी गटारं गेली, डास हटले आणि 'नांदेड पॅटर्न' हे नाव राज्यभर झालं. कृती सोपी आहे. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा. मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. न्हाणीचं, भांड्यांचं पाणी टाकीत पडतं, घाण तळाला बसते आणि पाणी भोकांतून दगडांत आणि दगडांतून जमिनीत मुरतं. एवढंच. पण खड्डा कुठे घ्यायचा ते घर बघून ठरवावं लागतं.

पहिल्या घरी या गटप्रमुखाने टेप लावला, फक्कीने चौकोन आखला आणि पोरांना कामाला लावलं. जागा रस्त्याच्या बाजूची. वहीत प्रामाणिकपणे लिहिलंय, 'तिथून शिबिराचा बॅनर फोटोत येत होता.' दीड दिवस कुदळी चालल्या, तळहातांना फोड आले. खड्डा कमरेच्या वर गेला तेव्हा घरची बाई चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "लेकरा, न्हाणीचं पाणी मागून जातंय, तुमी हिकडं खांदलालाव. पावसाळ्यात पत्र्याचं समदं पाणी हितंच पडतंय. खड्डा गाळानं भरंल की."

"मावशी, मग कालच का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलंच नाही."

मला वाटलं, गोष्ट इथे संपली. मी मास्तर माणूस, मनात तात्पर्यही काढून मोकळा झालो होतो. पण वहीचं पान उलटलं तर खरी गोष्ट पुढेच होती. रात्री जेवणं झाल्यावर गटातला एक मुलगा म्हणाला, "मला कालच वाटलं होतं, जागा चुकली." त्याचा बाप गवंडी आहे, सुट्टीत तो बापाबरोबर कामाला जातो. पाण्याचा उतार त्याला नुसत्या डोळ्याने कळतो. "मग बोलला का नाहीस?" त्यावर तो म्हणाला, "तू पहिल्या नंबरचा. मला वाटलं, तुला माहीत असंल."

ते वाक्य मी दोनदा वाचलं. बाईला विचारलं नाही हा दोष गटप्रमुखाचा, तो त्याने कबूल केला. पण गवंड्याच्या पोराचं तोंड त्याने बंद केलं नव्हतं. ते आपण केलं होतं, पहिलीपासून. पुढच्या बाकावर कोण, मागच्या बाकावर कोण, कुणाच्या उत्तराची वाट बघायची आणि कुणाला 'बस खाली' म्हणायचं, हे आम्ही शिक्षकांनी त्याला दहा-बारा वर्षं घोटून शिकवलं. त्याला उतार कळत होता आणि तो गप्प बसला, कारण उतार कळण्याला आमच्याकडे गुण नाहीत.

टक्क्यांवर पद देण्याची ही रीत महाविद्यालयांत एका कायद्याने आली. निवडणुकांत मारामाऱ्या होत, पैसा वाहत असे, बाहेरचे पक्ष आत शिरत. म्हणून 1994च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि गुणवत्तेवर नेमणुका सुरू झाल्या. 2016च्या कायद्याने निवडणुकांना पुन्हा वाट करून दिली. 2019 साली त्या होणार असं वातावरण झालं आणि विधानसभेच्या निवडणुकीमुळे त्या पुढे ढकलल्या गेल्या. मारामाऱ्या थांबल्या ते बरंच झालं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. निवडून यायचं तर मागच्या बाकावरच्या पोराजवळ जाऊन 'तुझं काय म्हणणं आहे' असं एकदा तरी विचारावं लागतं. भले खोटं खोटं विचारा. टक्केवाल्याला तेवढंही करावं लागत नाही. त्याला पद बक्षीस म्हणून मिळतं आणि बक्षीस कपाटात ठेवायचं असतं.

गंमत पाहा, ज्या वर्षी हा कायदा आला त्याच वर्षी, 17 सप्टेंबर 1994 रोजी, नांदेडला आपलं विद्यापीठ सुरू झालं आणि त्याला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव दिलं गेलं. आमच्या पोरांच्या गुणपत्रिकांवर हे नाव छापलेलं असतं. ते वाचून किती जणांना त्या नावामागचा शिक्षक आठवतो? संन्यासाआधी व्यंकटेश खेडगीकर असं नाव असलेला हा माणूस आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मास्तर होता. 1938 साली शाळा सोडून ते निजामाच्या राजवटीविरुद्धच्या सत्याग्रहात उतरले. त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगाबादच्या वसतिगृहातल्या मुलांना 'वंदे मातरम्' म्हणायला बंदी झाली. मुलांनी संप केला, तो हैदराबादपर्यंत पसरला आणि उस्मानिया विद्यापीठाने शेकडो विद्यार्थ्यांची नावं काढून टाकली. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू केदार यांनी त्यांना दार उघडलं म्हणून त्यांची वर्षं वाचली. त्यांतलाच एक विद्यार्थी पुढे देशाचा पंतप्रधान झाला: पी. व्ही. नरसिंह राव. त्या मुलांना पुढारी म्हणून कुणी नेमलं नव्हतं. पुढे होण्याचं बक्षीस म्हणून त्यांना मिळालं ते नाव कमी झाल्याचं पत्र.

स्वामीजींबद्दल मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती नंतरची गोष्ट. हैदराबाद मुक्त झालं तेव्हा तिथल्या राज्य काँग्रेसचं सर्वांत मोठं नाव त्यांचं होतं. 1952 साली निवडून आलेल्या सरकारचे मुख्यमंत्री झाले बुर्गुल रामकृष्ण राव. स्वामीजी लोकसभेवर गेले आणि दहा वर्षांनी सक्रिय राजकारणातूनही बाजूला झाले. संन्याशाला खुर्चीचं काय, असं कुणी म्हणेल. संन्यासी खुर्चीवर बसल्याची उदाहरणं आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून मला ते साधं वाटत नाही.

अगदी घरचं उदाहरण हवं तर आपले भाई केशवराव धोंडगे. विधानसभेत त्यांचा आवाज घुमायचा, तो भाग सगळ्यांना पाठ आहे. पण या माणसाने गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवलं. गुरांमागे फिरणाऱ्याला मंचावर उभं करून 'बोल' म्हटलं. राजकारण म्हणून त्यात काय होतं, काय नव्हतं, यावर कंधारच्या हॉटेलांत आजही वाद घालता येईल. माइक दुसऱ्याच्या हातात दिला, हे तर खरं ना? आणि टक्क्यांचाच विषय आहे तर इंटरला नापास झालेले नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. टक्क्यांच्या नियमाने ते वर्गप्रतिनिधीही झाले नसते.

आता वहीकडे परत जातो, कारण पोरगा माझ्यापेक्षा हुशार निघाला. 'विचारावं' एवढं शिकून तो थांबला नाही. दुसऱ्या घरी त्याने सगळ्यांना विचारलं. सासू म्हणाली परसात, सून म्हणाली न्हाणीला लागून, शेजारी म्हणाला माझ्या भिंतीपासून लांब, गटातल्या आठ जणांची आठ मतं. ऊन डोक्यावर आलं तरी कुदळ मातीला लागली नव्हती. त्याने लिहिलंय, 'आता मला कळेना, विचारणं चूक होतं का.' शेवटी त्याने गवंड्याच्या पोराला उतार बघायला लावला, सुनेचं म्हणणं धरलं आणि सासूबाईंना जाऊन सांगितलं, "आजी, चुकलं तर मला बोला, सुनेला नको." मला ही ओळ अख्ख्या वहीत सगळ्यात मोलाची वाटते. विचारून विचारून निर्णय सगळ्यांच्या अंगावर ढकलणारे पुढारी मी पुष्कळ पाहिलेत. समिती नेमली की यांची सुटका होते. ऐकायचं सगळ्यांचं आणि शिव्या खायच्या एकट्याने, हे जमणारा मला तरी क्वचित भेटला.

पाचव्या दिवसाचं पान छोटं आहे. त्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की गटातल्या तिन्ही मुली पहिल्या दिवसापासून स्वयंपाकाकडे आहेत आणि त्यांना तिकडे कुणी पाठवलं ते आठवत नाही. त्याने विचारलं. एक जण म्हणाली, मला स्वयंपाकच बरा. उरलेल्या दोघी कुदळ घेऊन आल्या. त्यांतल्या एकीने, रोज रानात काम करणाऱ्या मुलीने, दुपारपर्यंत मुलांना मागे टाकलं. 'चार दिवस आम्ही हिला पोळ्या करायला लावलं,' एवढंच वाक्य. पुढे काही नाही.

पहिला चुकलेला खड्डा त्यांनी शेवटच्या दिवशी बुजवला. समारोपाला पाहुणे यायचे होते, फोटो व्हायचे होते. कुणीतरी सुचवलं, राहू दे, फोटोपुरता दाखवू. त्याने ऐकलं नाही. न्हाणीमागे नवा खड्डा पुरा व्हायला उशीर झाला आणि गट समारोपाला मातीच्या हातांनी, अर्ध्या भाषणानंतर पोहोचला. गटाचा फोटो वर्तमानपत्रात आला नाही.

वही मी त्याला परत केली. पहिल्या पानावरच्या त्या मोठ्या वाक्याबद्दल मी काही बोललो नाही. त्यानेच विचारलं, "सर, ते खोडू का?" म्हटलं, राहू दे, तारीख तेवढी घाल.

महाविद्यालयं उघडली की वर्गप्रतिनिधी नेमण्याचे दिवस येतील. माझ्यासारख्या सगळ्या मास्तरांना आणि मॅडमना एक विनंती आहे. कायद्याच्या निवडणुका होतील तेव्हा होतील. तोवर आपापल्या वर्गात गुणपत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारा, टेबलावर एक रिकामा डबा ठेवा आणि पोरापोरींना चिठ्ठ्या टाकू द्या. सुरुवात मागच्या बाकापासून करा.