आजीच्या गोष्टीचे ऋण

आजीच्या गोष्टींना भाबड्या समजून आपण हसतो. पण शाळेत न शिकवलेले ज्ञान खोटे असते काय?

इंडोनेशियातील सिमेउलुए बेटावर १९०७ साली त्सुनामीने अनेकांचा बळी घेतला. वाचलेल्यांनी ती आठवण ‘स्मोंग’च्या कथेत आणि अंगाईगीतांत जपली : धरणी जोराने हादरली व समुद्र मागे हटला, की डोंगर गाठावा. २६ डिसेंबर २००४ रोजी भूकंपानंतर काही मिनिटांतच लाटा आल्या; तरीही सुमारे ७८,००० बेटवासीयांपैकी केवळ ७ जण दगावले.

आपले दुःख कथेत गुंफणाऱ्यांनी कधीही न पाहिलेल्या पणतवंडांचे प्राण राखले. असे ज्ञान ही आपल्याकडे सोपवलेली ठेव असते. म्हणून घरातील वडीलधारी माणसे वाऱ्या-पावसाविषयी बोलू लागली, म्हणजे आपण ऐकावे, पारखावे आणि मुलांना सांगावे. आपण गप्प राहिलो, तर त्यांना कोण सांगणार?