रुळावरील नाव

भिलाईच्या सेक्टर १० मधील एका मराठी घराची क्षणभर कल्पना करा. विदर्भातून पोलाद कारखान्यात नोकरीस आलेला कर्ता पुरुष आता हयात नाही. त्याच्या पत्नीने जेवणाचे डबे देण्यास प्रारंभ केला आहे. वीस डबे जातात. घर चालण्यास चाळीस जावयास हवेत. जाहिरातीस पैसा नाही. कोणी शेजारी सुचवितो, "ताई, वर्तमानपत्रात बातमी येऊ द्या. फुकटात नाव होईल." वार्ताहर येतो. पोळीभाजीविषयी दोन प्रश्न विचारतो आणि पतीच्या अखेरच्या आजाराविषयी दहा. शेवटी म्हणतो, "डोळ्यांत पाणी असतानाचा एक फोटो घेऊ द्या. बातमी पहिल्या पानावर जाईल." ताई स्तब्ध होतात. त्यांनी काय करावे?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. डोंगरावरील प्रवचनात आपल्याला दोन शिकवणी शेजारी शेजारी आढळतात. दिवा मापाखाली झाकून ठेवू नये, ही एक. आणि दानधर्म करताना आपल्यापुढे कर्णा वाजवू नये, ही दुसरी. वरवर पाहता त्या परस्परविरुद्ध भासतात. परंतु दिवा स्वतःकडे पाहण्यासाठी लावीत नाहीत. त्याच्या उजेडात घरातील माणसांना वाट दिसते. कर्णा मात्र वाजविणाऱ्याकडेच लक्ष ओढतो. म्हणून प्रसिद्धी घ्यावी की न घ्यावी, हा खरा प्रश्नच नव्हे. उजेड कशावर पडतो, हा प्रश्न आहे.

आपल्या कामाची माहिती लोकांना देणे हे पाप नाही, हे प्रथम स्पष्ट करू या. जो डबा कोठे मिळतो हे ठाऊक नाही, तो भुकेल्याच्या काय उपयोगाचा? वर्तमानपत्रालाही रोज बातमी हवी असते. काय, कोठे, कधीपासून, किती भावात आणि त्यात नवे काय, एवढे एका पानावर स्वच्छ लिहून स्थानिक वार्ताहरास वेळेपूर्वी दिले, तर आपण त्याचे काम सोपेच करतो. विशेषणे गाळावीत, बातमी आली नाही तरी रुसू नये, आणि टिपणाबरोबर पाकीट कदापि देऊ नये. महाराष्ट्रात २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेली स्तुती बातमीच्या वेशात वाचकांपुढे आली. हा प्रकार इतका वाढला होता, की प्रेस कौन्सिलला चौकशीसाठी उपसमिती नेमावी लागली. तिचा अहवाल २०१० मध्ये सादर झाला. बातमीला लोक जाहिरातीहून अधिक मान देतात, कारण ती विकत घेतलेली नाही असे ते समजतात. तेव्हा फुकट प्रसिद्धी खरोखर फुकट नसतेच. तिची किंमत वाचकाच्या विश्वासातून वळती होते.

पण ताईंपुढील पेच पाकिटाचा नाही, अश्रूंचा आहे. या वाटेने आपल्यापैकी एक थोर स्त्री शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गेली. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले. त्यांनी तेथील नगरोनगरी व्याख्याने दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. त्या साहाय्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. प्रसिद्धी नसती, तर सदनही नसते. तथापि तिची दुसरी बाजूही रमाबाईंच्या वाट्यास आली. दूर देशीच्या आश्रयदात्यांना जे ऐकावयाचे होते, तेच ऐकून येथील लोक साशंक झाले. १८९३ मध्ये 'केसरी'सारख्या पत्रांतून धर्मांतराच्या आरोपाची झोड उठली आणि अनेक पालकांनी आपल्या मुली सदनातून काढून नेल्या. ज्या वर्तमानपत्री उजेडात संस्था उभी राहते, त्याच उजेडात ती होरपळूही शकते.

रमाबाईंना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांनी सत्य सांगितले, आणि ज्यांना स्वतः बोलता येत नव्हते त्यांच्यासाठी सांगितले. तरी एक प्रश्न उरतोच, आणि तो आज आपल्या संस्थांनाही विचारावयास हवा. दुसऱ्याचे दुःख सांगून आपण मदत मिळवितो, तेव्हा ते दुःख कोणाच्या मालकीचे असते? हिवाळ्यात पांघरुणे वाटताना घेणाऱ्या म्हातारीचा चेहरा छायाचित्रात यावा म्हणून तिला वळावयास सांगणारे हात आपण पाहिले आहेत. कदाचित ते हात आपलेच असतील. पांघरूण तिला मिळाले, हे खरे. पण त्या दिवशी तिच्याकडून काही घेतलेही गेले.

भिलाईच्याच परिसरातील एक उदाहरण मला उजळ वाटते. जवळच्या गनियारी गावी १९५६ मध्ये जन्मलेल्या तीजनबाईंनी वयाच्या तेराव्या वर्षी पंडवानीचा पहिला कार्यक्रम केला. तोवर स्त्रिया बसून गात. त्या पुरुषांप्रमाणे उभ्या राहून गाऊ लागल्या. या गाण्यापायी त्यांना समाजातून बाहेर काढले गेले आणि एकटीने झोपडीत राहण्याची वेळ आली. पुढे रंगकर्मी हबीब तन्वीर यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले, जगभर नाव झाले, भिलाई कारखान्याने नोकरी दिली, २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. परंतु हातात तंबोरा घेऊन त्या उभ्या राहत, तेव्हा गोष्ट भीमाची आणि द्रौपदीची असे. लोकांनी आधी गाणे ऐकले आणि मग गाणारीचे दुःख जाणून घेतले. हा क्रम फार मोलाचा आहे.

आता पुन्हा कारखान्याकडे वळू या. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली, आणि देशाच्या रेल्वेचे रूळ येथे घडू लागले. रुळाच्या उभ्या अंगावर उठावाच्या अक्षरांत करणाऱ्याची खूण आणि वर्ष असते. गाडीतील प्रवासी ते कधी वाचीत नाही. मग ते कशासाठी? उद्या रुळाला तडा गेला, तर तो कोणी व केव्हा घडविला हे कळावे म्हणून. हे नाव कौतुक मागत नाही. ते जबाबदारी पत्करते.

ताईंच्या डब्यावरील नावही असेच असावे. भाजी शिळी निघाली, तर गिऱ्हाईक कोणाकडे येईल, हे त्या नावाने सांगावे. मग वार्ताहरास त्या म्हणू शकतील, "फोटो डब्याचा घ्या. भाव आणि पत्ता छापा. माझ्या घरचे दुःख मला सांगावेसे वाटेल तेव्हा मी सांगेन." असे म्हटल्याने बातमी आतल्या पानावर चार ओळींत येईल, कदाचित येणारही नाही. वीस डब्यांचे चाळीस व्हावयास एका दिवसाऐवजी एक वर्ष लागेल. ही हानी खरी आहे, आणि ज्याच्या घरी चूल पेटलेली आहे त्याने ती हलकी लेखू नये.

आणि ताईंनी मुलांच्या फीसाठी तो अश्रूंचा फोटो काढू दिलाच, तर? वाचकहो, मी त्यांना दोष देणार नाही. मग दोष कोणाचा? वार्ताहर अश्रू मागतो, कारण पोळीची बातमी आपण वाचीत नाही. पहिल्या पानावरील ओले डोळे पाहून आपण हळहळतो, पान उलटतो, आणि डबा मात्र मागवीत नाही. गरजवंताला बाजारात स्वतःचे दुःख मांडावे लागते, ते आपण त्याच्या कामाकडे पाहत नाही म्हणून.

तेव्हा आपल्या गल्लीत कोणी नवे काम आरंभिले असेल, तर त्याची कहाणी ऐकण्याची वाट पाहू नका. डबा मागवा, चव घ्या, पूर्ण पैसे द्या, आणि चांगला असेल तर शेजाऱ्यास सांगा. कोणत्याही वर्तमानपत्राहून जुनी अशी ही प्रसिद्धी आहे, आणि तिच्यासाठी कोणालाही रडावे लागत नाही.