घाट बंद आहे

तळेरे हे नाक्याचं गाव. मुंबई-गोवा महामार्गावरून इथे एक फाटा विजयदुर्गाकडे उतरतो, दुसरा वैभववाडीवरून करूळ घाट चढून गगनबावड्याला आणि पुढे कोल्हापूरला जातो. या नाक्याजवळच्या एका घरात एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर राहत. त्यांची नात पोलीस भरतीची तयारी करत होती.

मुलींसाठी मैदानी चाचणीत 800 मीटर धाव असते. 2 मिनिटं 50 सेकंदांत संपवली तर 20 पैकी 20 गुण. पोरीच्या डोक्यात तेवढा एकच आकडा. पहाटे पाचला उठून ती महामार्गाच्या काँक्रीटवर धावायची. पावसाळा संपता संपता तिने अंतर एकदम दुप्पट केलं. दोन आठवड्यांत डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला ठणका सुरू झाला. तिने स्प्रे मारला, पट्टी गुंडाळली, कधी गोळी घेतली आणि घरात कुणाला काही कळू दिलं नाही.

पण आजोबांनी सारा जन्म इंजिनाचा आवाज ऐकण्यात घालवला होता. एका सकाळी ती अंगणातून आत आली तशी ओटीवरून ते म्हणाले, "पावलांचो आवाज बदललो तुझ्या. डावो पाय उचलून घेतंस."

"काय नाय आजोबा, थोडा दुखता."

"गाडीचो आवाज बदललो की डायवर डेपोत सांगता. तू कोणाक सांगलंस?"

ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी आजोबा तिला कणकवलीला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी नडगीवरून एक बोट हळूहळू खाली फिरवलं. एका जागी बोट टेकताच पोरगी कळवळली. एक्स-रेत मात्र काही दिसलं नाही.

"सगळीकडे पसरून दुखलं असतं तर वेगळी गोष्ट," डॉक्टर म्हणाले. "हे एका बिंदूत दुखतंय आणि रात्रीही ठणकतंय. हाडाला बारीक चीर पडत असावी. ती सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही. धावताना बसणाऱ्या दणक्यांनी हाड आतून झिजतं आणि विश्रांतीत भरून निघतं. तू भरायला वेळच दिला नाहीस. सहा आठवडे धावणं बंद."

पोरीने त्यातलं एकच वाक्य उचललं: एक्स-रेत काही दिसत नाही. दुसऱ्या पहाटे ती पुन्हा धावायला गेली. तिसऱ्या फेरीत पाय टेकवेना. लंगडत घरी आली आणि पायरीवर बसून रडू लागली. "आता थांबलंय तर भरती गेली, आजोबा!"

आजोबा शेजारी बसले. "करूळ घाट बंद होतो, आठवता?"

आठवत कसं नसेल? रुंदीकरण आणि काँक्रीटच्या कामासाठी जानेवारी 2024 मध्ये तो घाट बंद झाला आणि वर्षाहून जास्त काळ बंद राहिला. नाक्यावरच्या प्रत्येकाला त्याची झळ बसली होती.

"तेव्हा लोकांनी कोल्हापूराक जावचा सोडल्यानी काय? भुईबावड्याच्या घाटान गेले, फोंड्याच्या घाटान गेले. लांब पडला, पण पोचले. मोडलेल्या रस्त्यार गाडी घातलंस तर रस्तोय जाता, गाडीय जाता. तुझो भुईबावडो खंय हा, तो बघ."

त्या संध्याकाळी तिने वही उघडून गुणांचा हिशेब मांडला. मैदानी चाचणी 50 गुणांची, त्यात 800 मीटर धावेचे 20. गोळाफेकीचे 15. आणि लेखी परीक्षा पूर्ण 100 गुणांची! मराठी व्याकरण आणि अंकगणिताच्या पुस्तकांवर धूळ बसली होती, कारण पहाटे धावून दिवसभर तिचे डोळे मिटत. दीडशेतल्या 20 गुणांसाठी तिने पाय मोडत आणला होता.

मग सहा आठवडे तिने दुसरा घाट धरला. सकाळी समीकरणं, संध्याकाळी खुर्चीत बसून 4 किलोचा गोळा फेकायचा सराव. चालताना दुखेनासं झाल्यावर डॉक्टरांना विचारून सायकल. मन कच खाई तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट ती आठवी. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे 2018 मध्ये दुखापतीने आशियाई स्पर्धेला मुकला होता. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 29.80 सेकंदांत धावून गोपाळ सैनी यांचा 37 वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला.

सातव्या आठवड्यात भातकापणी झालेल्या मळ्याच्या मऊ मातीत ती पुन्हा धावली: एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल. आजोबा बांधावर उभे राहून डोळे मिटून ऐकत होते. दोन्ही पावलं सारखी वाजत होती.

भरतीच्या दिवशी 2 मिनिटं 50 सेकंद तिला जमलं नाही, थोडक्यात हुकलं. पण गोळ्याने आणि लेखीने ती तूट भरून काढली आणि निवड यादीत तिचं नाव लागलं.

तात्पर्य: दुखणं ही घाटाच्या तोंडाशी लावलेली 'रस्ता बंद'ची पाटी आहे. ती पाडून पुढे जाणारा दरीत जातो, ती पाहून घरी परतणारा तळेऱ्यातच राहतो. पाटी वाचून वळण घेणारा उशिरा का होईना, कोल्हापूरला पोचतो.